नाममुद्रा आपली, किल्ली कोणाची?

मराठीच्या विभागांत अलीकडे एक सोयीची समजूत रुजली आहे. समाजमाध्यमांवर जे लिहिले जाते तो साहित्याचा विषय. ते कोणाच्या नावाने उभे आहे, त्या नावावर हुकमत कोणाची आणि ते नाव उद्या राहील की नाही, हा संगणकवाल्यांचा विषय. पहिल्यावर चर्चासत्रे होतात, शोधनिबंध वाचले जातात. दुसऱ्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. आमचे म्हणणे असे की ही विभागणीच खोटी आहे. लेखकाचे नाव आणि त्या नावाची ग्वाही हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि पाठचिकित्सा हे मराठी शिकवणाऱ्यांचे काम आहे. ते दुसऱ्याच्या अंगणात ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही.

आमचा वाद एकट्या प्राध्यापकवर्गाशी नाही. कंपन्यांच्या मक्तेदारीला पर्याय म्हणून जी विकेंद्रित समाजमाध्यमे गेल्या दशकात उभी राहिली, त्यांच्या पुरस्कर्त्यांशीही आहे. 'तुमची ओळख तुमच्या हाती, तुमची किल्ली तुमच्या हाती' ही त्यांची घोषणा आम्हांला मान्य आहे; पण ती अर्धीच आहे. किल्ली लेखकाच्या हाती असावी, हे तिचे पूर्वार्ध. लेखकाचा हात थकल्यावर, चुकल्यावर किंवा नाहीसा झाल्यावर ती कोणाच्या हाती जावी, हे उत्तरार्ध. हे उत्तरार्ध मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लिहिलेले आहे आणि ते वाचायला आपल्याला सवड झालेली नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

१

आम्ही कुहीत शिकवतो. नागपूरच्या आग्नेयेला, वैनगंगेकडे झुकलेला हा तालुका. ओळख आणि ग्वाही यांचा इतिहास शिकवण्यासाठी आम्हांला तालुक्याची वेस ओलांडावी लागत नाही. अडमच्या उत्खननात अस्सक जनपदाचे नाव उमटवलेली मुद्रा मिळाली. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट मिळाले. वाकाटकांच्या ताम्रपटांच्या आरंभी 'दृष्टम्' हा शब्द येतो: पाहिले, तपासले. पत्रे कडीत ओवायचे आणि कडीला राजाची मुद्रा जोडायची, अशी ती रीत. दान ज्याला मिळाले त्याच्या घरी पत्रे राहत, मुद्रा उमटवण्याचा अधिकार मात्र राजाच्या दप्तरात. लेख एकाच्या घरी आणि शिक्का दुसऱ्याच्या घरी, ही व्यवस्था आमच्या मातीत दीड हजार वर्षांपूर्वीपासूनची आहे. आजचा सातबारा त्याच कुळातला: उतारा शेतकऱ्याच्या पिशवीत, नोंद तलाठ्याच्या दप्तरी.

याच तालुक्यात अंभोरा आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' इथे, वैनगंगेच्या काठी रचला गेला असे विदर्भातले अनेक अभ्यासक मानतात. ग्रंथातील अंबानगरी म्हणजे बीड जिल्ह्यातले अंबेजोगाई, असे दुसरा पक्ष म्हणतो. शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, हा रचनाकाळही सर्वांना मान्य नाही. हा वाद मिटत नाही तो अभ्यासकांनी कष्ट कमी घेतले म्हणून नव्हे. मुकुंदराजांच्या हातचे हस्तलिखित आपल्याजवळ नाही. आहेत त्या प्रतींच्या प्रती. नाव टिकले, पण त्या नावाला मजकुराशी बांधणारी कडी तुटली. मराठीतल्या आद्य ग्रंथांपैकी एकाची ही स्थिती असताना, आज लिहिणाऱ्यांच्या नावांची कडी कोठे बांधलेली आहे हे पाहणे आम्हांला परकीय वाटण्याचे कारण नाही.

२

वारकरी कवींनी या प्रश्नावर आपला तोडगा काढला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, ती नाममुद्रा. कागद नसला, लेखनिक नसला तरी गाणाऱ्याच्या ओठावर नाव मजकुरासोबतच प्रवास करते. कोणत्याही दिंडीत, कोणत्याही फडावर, कोणाच्याही परवानगीवाचून. एका केंद्राशिवाय चालणारे जाळे म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायचे तर आम्ही आधी आषाढीच्या वाटेकडे बोट दाखवतो.

पण नाममुद्रेत एक उणीव होती. ती कोणालाही उमटवता येत होती. सालोमालो नावाच्या हरिदासाने तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून तेथे आपली बसवली, असे परंपरा सांगते. उलट दिशेचा प्रकार त्याहून अधिक: स्वतःची रचना थोराच्या नावे सोडून देणे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आणि ते वेगळे काढताना अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती पाठ भ्रष्ट झाले होते म्हणूनच. मराठेशाहीतल्या दप्तराने यावर उपाय केला होता: पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर जिथे संपला त्याच्या खाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. पण शिक्का-मोर्तब राजसत्तेजवळ होते. कीर्तनकाराजवळ, ओवी रचणाऱ्या बाईजवळ, झाडीपट्टीतल्या दंडारीच्या शाहिराजवळ नव्हते.

१९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी जी कल्पना मांडली, ती नेमकी या उणिवेवर बोट ठेवते. किल्ल्यांची जोडी करायची. एक खाजगी, ती फक्त आपल्याजवळ. दुसरी सार्वजनिक, ती चव्हाट्यावर टांगून ठेवायची. खाजगी किल्लीने मजकुरावर शिक्का उमटतो आणि सार्वजनिक किल्लीने तो कोणालाही पडताळता येतो. मजकुरातला एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी शिक्का जुळत नाही. म्हणजे राजाचे मोर्तब प्रथमच सामान्य लिहिणाऱ्याच्या मुठीत येऊ शकते. सालोमालोला मजकूर उचलून त्यावर स्वतःचा शिक्का मारता येईल, हे खरे. पण तुकोबांचा शिक्का त्याला मारता येणार नाही, आणि तुकोबांचा आधीचा शिक्का पुसताही येणार नाही. पाठचिकित्सकाने आणखी काय मागावे?

३

या पार्श्वभूमीवर आजचा मराठी लेखक कोठे उभा आहे ते पाहावे. त्याचे नाव एखाद्या कंपनीच्या खातेवहीतली एक ओळ आहे. परवलीचा शब्द त्याच्याजवळ असतो, आणि त्यालाच तो किल्ली समजतो. तो शब्द म्हणजे वाड्याच्या दिंडी-दरवाजातून आत येण्याचा परवाना, वाडा धन्याचा. धन्याने दार लावले की परवाना निरुपयोगी. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. २०२० मध्ये सुरू झालेले आणि भारतीय भाषांचे व्यासपीठ म्हणून गाजलेले 'कू' २०२४ च्या जुलैत थांबले. देशी कंपनी असली म्हणून लिहिणाऱ्याचे नाव सुरक्षित राहते, हा भ्रमही त्याने दूर केला. प्रत्येक वेळी लेखक नव्या वाड्यात गेले आणि तेथे पुन्हा पहिल्यापासून 'मी तोच' हे सांगत बसले.

वाडा उभा असतानाही नाव आपले नसते. २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले. त्या प्रकरणात हिंदी कवी गोरख पांडे यांची कविता असलेल्या एका जुन्या संदेशाचे पुनःप्रसारण हेही एक कारण होते. कवितेचा निषेधस्वर यंत्राच्या नियमाला धमकी वाटला. वाङ्मय शिकवणाऱ्यांनी तेव्हा रस्त्यावर यायला हवे होते. आले ते वकील आणि पत्रकार.

टोपणनावांची गोष्टही हीच. माणिक गोडघाटे नागपुरात 'ग्रेस' या नावाने लिहीत राहिले, आणि मराठीने ते नाव कोणतेही ओळखपत्र न मागता स्वीकारले. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज ही सारी नावे कवींनी स्वतःला दिलेली किंवा रसिकांनी बहाल केलेली. फेसबुकने मात्र 'खरे नाव' दाखवण्याची अट घातली आणि २०१४ मध्ये तिच्यावरून मोठा वाद होऊन कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. नाव खरे की खोटे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे कवीला नाकारण्याचाही अधिकार असतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आमच्या विद्यार्थ्यांचे तर याहून बिकट आहे. त्यांची ओळख म्हणजे मोबाइलचा क्रमांक. बापाने शेतीच्या हंगामात रिचार्ज केले नाही, क्रमांक बंद झाला, की बंद झाल्यापासून नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्याला देता येतो. दूरसंचार नियामकाची ही भूमिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरही आली. ज्या नावाने मुलीने झाडीबोलीत चार कविता लिहिल्या, ते नाव पुढच्या वर्षी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागते. राज्यसंस्थेने दिलेली ओळख वेगळी, तिचे प्रयोजन वेगळे: आधारचा पहिला क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पण तो क्रमांक आपण कोण हे शासनाला सांगतो. आपण काय लिहिले याची ग्वाही वाचकाला देत नाही. ते काम वेगळे आहे आणि ते शासनावर सोपवणे आम्हांला धोक्याचे वाटते.

४

आता विकेंद्रित माध्यमांकडे वळू. त्यांच्याबद्दल भाबडेपणाने बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून तीन घरांचा तपशील देतो.

पहिले मॅस्टोडॉन. २०१६ मध्ये जर्मनीतून सुरू झाले. हेगडे प्रकरणानंतर २०१९ च्या नोव्हेंबरात भारतातून पुष्कळ लोक तेथे गेले. येथे एक कंपनी नसते, हजारो स्वतंत्र ठाणी असतात आणि ती एकमेकांशी बोलतात. पण नाव ठाण्याला जोडलेले असते: अमुक ठाण्याचा अमुक. जनाबाई आपल्या अभंगात स्वतःचे नाव नामयाच्या नावाला जोडून घेते, तसेच. तिथे ती भक्ती होती. येथे ती सक्ती आहे. शिक्का मारण्याची किल्ली ठाण्याच्या यंत्रावर असते, लेखकाजवळ नसते. ठाणे बुडाले तर नाव बुडते. २०२४ च्या फेब्रुवारीत 'क्वीअर डॉट एएफ' या ठाण्याचे नावच अफगाणिस्तानातील तालिबानी प्रशासनाने काढून घेतले, कारण त्या नावाची शेपटी अफगाणिस्तानच्या अखत्यारीतली होती. स्वतः होऊन स्थलांतर केले तर वाचक सोबत नेता येतात, जुने लेखन मागेच राहते. गोसीखुर्दच्या पाण्यामुळे उठलेली गावे आमच्या तालुक्याने पाहिली आहेत. माणसे नव्या जागी जातात, गावाचे नाव नेतात; विहीर, बोडी आणि देऊळ पाण्याखाली राहते.

दुसरे नॉस्टर, २०२० चे. येथे ठाण्याला काही किंमतच नाही. खाजगी किल्ली हीच ओळख. लेखन कोणत्याही ठाण्यावरून पाठवा, शिक्का आपला. हे शुद्ध स्वातंत्र्य आहे आणि म्हणूनच निर्दय आहे. किल्ली हरवली तर नाव गेले. कोणाकडे अर्ज करणार? किल्ली चोरीला गेली तर चोर आणि धनी यांत फरक करण्याची सोय मुळात नाही. जुनी किल्ली रद्द करून त्याच नावाला नवी लावण्याचा सर्वमान्य मार्ग नाही. सालोमालोला येथे तुकोबाच होता येते.

तिसरे ब्लूस्काय, जे २०२४ च्या फेब्रुवारीपासून सर्वांना खुले झाले. याची रचना अधिक विचारपूर्वक केलेली आहे. दिसणारे नाव आणि मूळ ओळख वेगळी ठेवलेली असते. नाव बदलले, ठाणे बदलले तरी मूळ ओळख आणि लेखन सोबत जाते. किल्ल्या फिरवता येतात. स्वतःजवळ वरच्या दर्जाची एक किल्ली राखली असेल तर ठाण्याने केलेला फेरफार बहात्तर तासांच्या आत उलटवता येतो. पण बहुतेकांच्या साऱ्या किल्ल्या ठाण्यावरच पडून असतात, कारण ती वरची किल्ली कशी करून घ्यावी हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि बहुतेकांच्या ओळखीची नोंदवही उभारली ती कंपनीनेच. हक्क आहे, वापर नाही. आपल्याकडे कूळकायदा आल्यावरही अनेक कुळांची नावे नोंदीत लागलीच नाहीत, त्याची येथे आठवण होते. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कायदा झाली तरी नोंद करवून घ्यावी लागते. 'लिहील त्याचे नाव' ही घोषणाही तशीच.

५

येथे महानुभावांकडे वळणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण किल्ली सांभाळणे म्हणजे काय याचा मराठीतला सर्वांत मोठा अनुभव त्यांचा आहे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' आणि पंथाचे इतर ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपी त्यांतली प्रमुख. तिचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह घालायचे, अशी तिची रीत. सुंदरी लिपी आणि आणखी कितीतरी लिप्या पुढे आल्या. ही किल्ली वाचण्याची होती, शिक्का मारण्याची नव्हती. तुलना करताना हा भेद विसरता कामा नये. पण जपणुकीचा प्रश्न दोन्हींना सारखाच आहे, आणि तो प्रश्न आम्हांला येथे महत्त्वाचा वाटतो.

या अनुभवातून दोन गोष्टी निघतात. पहिली: ती किल्ली कोणा एका महंताच्या उशाखाली नव्हती. ती परंपरेच्या हाती होती, गुरूकडून शिष्याकडे, मठातून मठात. म्हणून राज्ये बुडाली, तरी ग्रंथ वाचता येत राहिले. एकट्या माणसाने जपलेले गुपित एका तापाच्या साथीत संपले असते. दुसरी: पंथाबाहेर मात्र कोणाजवळच किल्ली नव्हती. मराठी गद्याचा आद्य वैभवकाळ शतकानुशतके मराठी माणसाला ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, पंथातील महंतांनीही पुढे दारे उघडली, वि. ल. भाव्यांनी ते वाङ्मय इतिहासात आणले. मग नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी आयुष्ये वेचून ते छापून पुढे ठेवले. कोलत्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये निघाले. हे सारे विदर्भाच्या अंगणात घडले. ज्या रिद्धपूरला महानुभाव काशी मानतात, तेथे आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

यावरून आम्ही असा सिद्धांत मांडतो. किल्ली परक्याच्या हाती असली तर वाङ्मय ओलीस राहते. किल्ली एकट्याच्या हाती असली तर वाङ्मय त्याच्यासोबत सरणावर जाते. किल्ली बंदिस्त गटाच्या हाती असली तर वाङ्मय जगते, पण समाजाला दिसत नाही. चौथी व्यवस्था हवी: धनी लेखकच, पण राखण विश्वासातल्या अनेकांची, आणि राखणाऱ्यांपैकी एकट्यादुकट्याला तिचा वापर करता येऊ नये अशी.

ही कविकल्पना नाही. अदी शमीर या इस्राएली गणितज्ञाने १९७९ मध्ये गुपित वाटून ठेवण्याची रीत सिद्ध केली. किल्लीचे पाच तुकडे करून पाच जणांना द्यावेत. कोणतेही तीन एकत्र आले तर किल्ली पुन्हा उभी राहते, दोघे एकत्र आले तर त्यांच्या हाती शून्य. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असते. हे त्याचेच पुढचे पाऊल आहे.

६

या मांडणीवर जे आक्षेप घेतले जातील, त्यांतले तीन विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला: सामान्य लेखकाला हे झेपणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही विचारतो, सकळ लिपी झेपली ती कोणाला? भिक्षा मागून फिरणाऱ्या संन्यासिनींना आणि मठातल्या साध्या लेखनिकांना. जे जपायचे असते ते झेपते. बारा किंवा चोवीस शब्दांच्या यादीत आजची किल्ली मावते. पाठांतराची परंपरा असलेल्या समाजाला ते अवघड म्हणणे हा त्या समाजाचा अपमान आहे. मात्र हेही खरे की ती यादी मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवली तर न ठेवल्यासारखीच. शिकवावे लागेल. शिकवणे हाच आपला पेशा आहे ना?

दुसरा: नाव कोणीच काढून घेऊ शकत नसेल, तर द्वेष पसरवणाऱ्याला आवरणार कोण? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गावाने एखाद्या वक्त्याला चावडीवर बोलू न देणे वेगळे आणि त्याचे नाव गावाच्या नोंदीतून खोडणे वेगळे. प्रत्येक ठाण्याला आपल्या ओट्यावर कोणाला बसू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार राहतोच, आणि राहिलाच पाहिजे. गुन्हा घडला तर कायदा आहेच. पण ओट्यावरून उठवणाऱ्याला माणसाचे नाव आणि आजवरचे सारे लेखन जप्त करण्याचा अधिकार नसावा. ज्या समाजात बहिष्काराचा इतिहास इतका ताजा आहे, तेथे हा भेद समजावून सांगावा लागू नये.

तिसरा आक्षेप आमच्याच वर्गातला आहे: लोकवाङ्मय अनामिक असते, जात्यावरच्या ओवीला कोणाची मुद्रा होती? नसेल. पण अनाम राहणे हा निर्णय वेगळा आणि अनाम केले जाणे वेगळे. जिने ओवी रचली तिला कोणी विचारले नव्हते. किल्ली ज्याच्याजवळ आहे तोच खऱ्या अर्थाने अनाम राहू शकतो, टोपणनाव घेऊ शकतो, आणि वाटेल तेव्हा 'ते मीच' असे सिद्धही करू शकतो. अनामिकतेचा कैवार घेणाऱ्यांनी तर किल्लीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

७

मग करायचे काय? कायद्याकडे पाहावे तर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्याला नेमून ठेवण्याची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. पण २०१९ च्या विधेयकात आपली विदा एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क होता, तो या कायद्यात उरला नाही. वारस नेमता येतो. घर बदलण्याचा हक्क कायदा देत नाही. विद्यापीठीय मराठीने या वगळण्याबद्दल एखादे निवेदन काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून आमच्या मागण्या कायद्याकडे नाहीत, आपल्याच विभागांकडे आहेत. एम. ए. च्या पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत हस्तलिखित, मुद्रित आणि अंकीय, असे तीन भाग असावेत. अंकीय भागात शिक्का, पडताळणी आणि किल्लीची जपणूक शिकवली जावी. प्रत्येक मराठी विभागाने स्वतःच्या नावाचा एक पत्ता घ्यावा. देवनागरीतली 'डॉट भारत' ही शेपटी २०१४ पासून उपलब्ध आहे. आपल्या परिसरातल्या लिहिणाऱ्यांना त्या पत्त्याखाली नावे द्यावीत, आणि हेही बजावून सांगावे की पत्ता हादेखील वार्षिक भाड्याचा असतो, भाडे चुकले की जातो. म्हणून मूळ ओळख पत्त्यावर नव्हे, किल्लीवर उभी करावी. आणि जो लेखक इच्छा व्यक्त करील, त्याच्या किल्लीचे पाच तुकडे करून एक त्याच्या घरी, एक त्याच्या विश्वासातल्या मित्राकडे, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक विदर्भ साहित्य संघासारख्या शंभरी ओलांडलेल्या संस्थेत ठेवावा. कोणते तीन कधी एकत्र यावेत हे लेखकाने लिहून ठेवावे. सोबत हेही लिहून ठेवावे की आपल्या पश्चात या किल्लीने जुने लेखन जपावे, हलवावे, पण तिने नवा मजकूर लिहू नये. मेलेल्या माणसाच्या नावाने नवे अभंग पाडण्याचा उद्योग मराठीत पुरेसा झालेला आहे.

यासाठी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही, कोणाची मान्यता लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की आज खेड्यापाड्यांतली मुले जे लिहीत आहेत, ते उद्याचे संशोधनसाहित्य आहे. राजवाडे, भावे, कोलते यांच्या नावाने आपण व्याख्यानमाला चालवतो. त्यांनी दुसऱ्यांनी लावलेली कुलपे उघडण्यात हयात घालवली. आपण मात्र आपल्या डोळ्यांदेखत लागणारी कुलपे पाहत बसलो आहोत, आणि किल्ल्या कोणाकडे जात आहेत हे विचारायलाही आपल्याला संकोच वाटतो. शंभर वर्षांनी एखादा संशोधक आजच्या कुहीतल्या कवयित्रीचा शोध घेईल तेव्हा त्याला अंबानगरी कोणती, हा वाद पुन्हा घालावा लागू नये. तेवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे, आणि ती न केल्याचा दोष तो संशोधक कंपन्यांना देणार नाही. त्या काळी मराठी शिकवत होते कोण, असे तो विचारील.